लिटर सगळेच विचारतात, व्हॉल्व्ह कुणीच विचारत नाही

गीझरच्या खाली, थंड पाणी आत शिरतं त्या तोंडाशी, अंगठ्याएवढा एक पितळी व्हॉल्व्ह असतो. गीझर चालू केला की थोड्या वेळाने त्याच्या टोकातून थेंब थेंब पाणी पडू लागतं. मग कुणीतरी प्लंबरला बोलावून ‘गळती’ काढायला सांगतं, किंवा त्या तोंडात बूच मारून, वरून टेप गुंडाळून मोकळं होतं. पहिल्यात फार तर प्लंबरचे पैसे वाया जातात. दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

ते पाणी का पडतं ते आधी पाहू. पाणी तापलं की फुगतं. २० अंश सेल्सिअसचं पाणी ६० अंशांपर्यंत नेलं, तर त्याचं आकारमान साधारण दीड टक्क्याने वाढतं. १५ लिटरच्या टाकीत हे वाढलेलं पाणी सव्वादोनशे मिलिलिटर, म्हणजे मोठा पेलाभर होतं. पाणी दाबून लहान करता येत नाही. गरम पाण्याचा नळ बंद आहे, आणि थंड पाण्याच्या बाजूला गरम पाणी मागे जाऊ नये म्हणून एकाच दिशेने उघडणारी झडप आहे. मग या पेलाभर पाण्याने जायचं कुठे? टाकीतला दाब वाढत जातो आणि ठरलेल्या आकड्याला, बहुतेक गीझरमध्ये ८ बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास, सेफ्टी व्हॉल्व्ह किंचित उघडून ते पाणी बाहेर सोडतो. प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे काम. फक्त इथे वाफेऐवजी पाणी निघतं आणि आवाज होत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही.

हाच व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा भाग, चिकटून पाणी तापतच राहिलं, तर काय होईल? दाबाखालचं पाणी १०० अंशांना उकळत नाही. ८ बार दाबाखाली ते सुमारे १७५ अंशांपर्यंत पाणीच राहतं. टाकी फाटली की तो दाब एका क्षणात नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा साधारण सातवा हिस्सा तिथल्या तिथे वाफ होतो. २५ लिटरच्या टाकीतून अशी पाच घनमीटरच्या आसपास वाफ निघते. लहान बाथरूम जवळपास भरून टाकेल एवढी. गीझर ‘फुटला’ म्हणतात तेव्हा फुटण्यामागची ताकद विजेची नसते, या वाफेची असते.

थेंबांवरून बरंच कळतं. पाणी तापत असतानाच थेंब पडतात आणि नंतर थांबतात, तर सगळं ठीक आहे. तिथे एक बारीक नळी लावून ती खाली मोरीपर्यंत सोडा. नळीचं दुसरं टोक मात्र नेहमी उघडं राहिलं पाहिजे. गीझर थंड असतानाही दिवसभर पाणी पडत असेल, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा किंवा क्षार अडकला आहे, नाहीतर नळातून येणाऱ्या पाण्याचाच दाब जास्त आहे. आणि कधीच एक थेंबही पडत नसेल, तर खूश होऊ नका. फुगलेलं पाणी थंड पाण्याच्या पाइपात मागे जात असेल, किंवा व्हॉल्व्ह क्षाराने जाम झाला असेल. बऱ्याच व्हॉल्व्हना एक छोटी दांडी असते. दोन-तीन महिन्यांनी ती उचलून पाहायची. पाणी जोरात निघालं आणि दांडी सोडल्यावर थांबलं, की व्हॉल्व्ह जिवंत आहे. पाणी गरम असतं, म्हणून हात आणि तोंड बाजूला ठेवून.

टाकी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येईल असा कुठलाही कॉक नको. बसवणारा माणूस ‘सोयीसाठी’ म्हणून तो लावून जातो. काढायला लावा. कॉक हवाच असेल तर तो व्हॉल्व्हच्या अलीकडे, थंड पाणी येतं त्या बाजूला हवा.

किती मोठा, कुठल्या जातीचा

दुकानात पहिला प्रश्न असतो ‘किती लिटर?’ त्याचं उत्तर घरातल्या माणसांपेक्षा नळावर जास्त अवलंबून असतं. बादलीत पाणी काढून अंघोळ करणार की शॉवरखाली उभे राहणार?

६० अंशांचं १५ लिटर पाणी आणि २० अंशांचं १५ लिटर पाणी एकत्र केलं की ४० अंशांचं ३० लिटर पाणी मिळतं, अंगाला छान लागणारं. पण हे कागदावर. प्रत्यक्षात आपण वरून गरम पाणी काढतो तसतसं खालून थंड पाणी टाकीत शिरतं आणि शेवटचा काही भाग कोमट होऊन जातो. त्यामुळे टाकीच्या तीन चतुर्थांश पाणीच खऱ्या अर्थाने गरम मिळतं असं धरावं. साधा शॉवर मिनिटाला ८ लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांत ४० लिटर, त्यातलं निम्मं गरम. म्हणजे एका माणसाच्या एका शॉवरलाच २० लिटर गरम पाणी लागलं. त्यामुळे शॉवर असेल तर २५ लिटरच्या खाली जाण्यात अर्थ नाही. बादली असेल तर १५ लिटरमध्ये एकाची अंघोळ आरामात होते आणि पुढचा येईपर्यंत टाकी पुन्हा तापते. २ किलोवॉटच्या गीझरला १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण २१ मिनिटं लागतात आणि जेमतेम ०.७ युनिट वीज.

आता तीन लिटरचे छोटे इन्स्टंट गीझर. यांच्याबद्दल सर्वात जास्त निराशा ऐकू येते आणि तिचं कारण साधं गणित आहे. ३ किलोवॉटचं एलिमेंट, म्हणजे आतली विजेने तापणारी नळी, वाहत्या पाण्याचं तापमान २० अंशांनी वाढवायचं म्हटलं, तर मिनिटाला सुमारे सव्वादोन लिटर पाणीच देऊ शकतं. त्यावर ८ लिटरचा शॉवर लावला, तर पाणी साडेपाच अंशांनीच तापेल. सुरुवातीचं टाकीतलं गरम पाणी संपलं की अंगावर जवळजवळ थंड पाणी. यात गीझरचा दोष नसतो, त्याला चुकीच्या जागी लावलेलं असतं. भांडी घासायचं सिंक, वॉश बेसिन, किंवा शांतपणे भरणारी एक बादली इथे तो उत्तम. शॉवरला नाही.

हीटपंप गीझर बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे एक युनिट विजेत साधारण अडीच ते चार युनिटांची उष्णता मिळते. महाग, आकाराने मोठा, हवा खेळती लागते आणि पाणी सावकाश तापतं. गरम पाण्याचा वापर भरपूर असेल तरच परवडतो. सौर हीटर छतावर जागा आणि ऊन असेल तर सरस, पण ढगाळ दिवसांसाठी त्याच्या टाकीत विजेचं एलिमेंट असतं, म्हणून खाली विजेबद्दल जे येईल ते त्यालाही लागू आहे. पाण्यात सोडायच्या रॉडला थर्मोस्टॅट नसतो, सेफ्टी व्हॉल्व्हचा प्रश्नच नाही आणि पाणी तापलं का हे पाहायला माणूस बोट बुडवतो. तो घरात नसलेलाच बरा.

लिटर ठरले की कंपनीच्या नावाआधी दाबाचा आकडा पाहा. गीझरवर तो लिहिलेला असतो, ६.५ बार किंवा ८ बार असा. पाण्याची टाकी दर १० मीटर उंच असली की १ बार दाब येतो. बारा मजली इमारतीच्या तळमजल्यावर, गच्चीवरच्या टाकीचा दाब साडेतीन बारच्या पुढे जातो. त्यात प्रेशर पंप असेल तर आणखी भर. दाब खूपच असेल तर आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. तो नसताना गीझर रोज नळ उघडताना आणि मिटताना हादरे खात राहतो.

दुसरा आकडा म्हणजे गीझर नुसता गरम ठेवण्यात २४ तासांत वाया जाणारी वीज. ऊर्जेच्या लेबलवर तो युनिटांत दिलेला असतो. एकाच आकाराचे दोन गीझर तोलायचे तर ताऱ्यांपेक्षा हा आकडा जास्त बोलतो, कारण तापवण्यात सगळे विजेचे गीझर सारखेच असतात. पाण्यात बुडवलेलं एलिमेंट विजेचं जवळजवळ सगळं रूपांतर उष्णतेत करतं. फरक पडतो तो टाकीभोवतीच्या फोमच्या जाडीने.

यावरूनच एक नेहमीचा वाद मिटतो. ‘गीझर सारखा चालू-बंद केला तर जास्त वीज जाते, त्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा’ हे खरं नाही. टाकी जितका वेळ गरम, तितकी जास्त उष्णता भिंतींतून बाहेर जाते. टाकी थंड होत गेली की हे जाणंही मंदावतं. म्हणून लागेल तेव्हाच तापवण्यात नेहमीच बचत आहे, किती ते फोम ठरवतो.

आणि पाइप. स्नानघर आणि गीझर यांच्यात १५ मिलिमीटर आतल्या व्यासाचा १० मीटर पाइप असेल, तर त्यात पावणेदोन लिटर पाणी अडकून असतं. दर वेळी तेवढं थंड पाणी आधी सोडावं लागतं आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात निवत बसतं. गीझर वापराच्या जागेजवळ ठेवा. पाइप गरम पाण्यासाठी बनवलेलाच हवा. साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडून वाकतो.

पाणी टाकीला आतून काय करतं

पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस येत नसेल आणि नळाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा धरत असेल, तर गीझरचं आयुष्य तेच ठरवतं. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेट मात्र उलटा. पाणी तापलं की ते पाण्यातून बाहेर पडतं आणि सर्वात गरम जागी, म्हणजे एलिमेंटवर, बसतं. लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी रोज ५० लिटर तापवलं, तर वर्षाला साडेतीन किलोहून जास्त क्षार गीझरमधून जातो. त्यातला दहावा भाग आत राहिला असं धरलं, तरी साडेतीनशे ग्रॅम दगड झाला.

एलिमेंटच्या आत काय चालतं ते पाहिलं की या दगडाची भीती कळते. मध्ये निक्रोमची बारीक तार असते, तीच तापते. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. आणि त्याभोवती तांब्याची किंवा गंज न चढणाऱ्या मिश्रधातूची नळी. बाहेरून क्षाराचा थर चढला की उष्णता पाण्यात जायला वाट मिळत नाही, नळी आपल्या मर्यादेपलीकडे तापते, कधीतरी तिला केसाएवढी चीर जाते. त्या चिरेतून पाणी पुडीत शिरतं. ओली पूड वीज अडवू शकत नाही. आता करंट पाण्यात उतरला. गीझर मात्र नेहमीसारखाच पाणी तापवत असतो, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही.

आधी मिळणाऱ्या खुणा ओळखा. तापताना खदखद, कडकड असा आवाज येतो. तो क्षाराखाली अडकलेल्या पाण्याचे बुडबुडे फुटण्याचा. पाणी तापायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. शॉवरच्या भोकांत पांढरे कण अडकतात. अशा वेळी टाकी उघडून क्षार काढायचा. मेकॅनिक एलिमेंट बाहेर काढून सौम्य आम्लात, बहुधा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात, भिजवतो. ठोकून काढू लागला तर थांबवा. नळीला पोचा गेला की ती चीर आपणच केली. आणि एलिमेंटखालचं रबरी गॅस्केट दर वेळी नवं बसवायचं, जुनं उलटं करून नाही.

क्षार जमण्याचा वेग ६० अंशांच्या पुढे बराच वाढतो. थर्मोस्टॅट कमाल खुणेला फिरवून ठेवायची सवय असेल, तर ती आजच सोडा.

पण क्षार हा अर्धाच भाग. दुसरा गंज. बऱ्याच गीझरची टाकी पोलादी असते आणि आतून काचेसारखा इनॅमलचा थर दिलेला असतो. भाजताना या थराला सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच. तिथून गंज सुरू होऊ नये म्हणून टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी सोडतात, तिला ॲनोड रॉड म्हणतात. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर झिजतं, म्हणून दोघं एकाच पाण्यात असली की कांडी विरघळते आणि टाकी वाचते. ही कल्पना जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही याने ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तळाला मारलेला तांब्याचा पत्रा समुद्रात झिजू नये म्हणून त्याला लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांबं खरंच वाचलं. पण तांब्याचं विष पाण्यात उतरेनासं झाल्यावर तळाला शंख-शिंपले इतके चिकटले की नौदलाने तो नाद सोडला. गीझरमध्ये शिंपल्यांची अडचण नाही, म्हणून तिथे ही युक्ती टिकली.

कांडी संपली की टाकीची पाळी येते. आणि टाकीला आतून भोक पडलं की त्याला डाग लावून काही होत नाही, गीझर मोडीतच. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी सर्व्हिसिंगच्या वेळी कांडी बाहेर काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बोटाएवढी जाड असेल तर परत लावा. खड्डे खड्डे पडून मधली तार दिसू लागली असेल तर नवी. सर्व्हिसिंग करणारे कांडी न काढताच ‘ठीक आहे’ म्हणतात, ते ऐकू नका. टाकीची वॉरंटी कितीही वर्षांची असो, कांडी वेळेवर बदललेली असावी अशी अट त्यात बहुधा असते. पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं असेल तर क्षार कमी होतो, पण कांडी जास्त वेगाने झिजते, तेव्हा ती अधिक वेळा पाहावी लागते. गरम पाण्यालाच कुजक्या अंड्याचा वास येत असेल तरी संशय याच कांडीवर घ्या. टाकीतले काही जिवाणू तिच्या संगतीने तसा वास येणारा वायू बनवतात. टाकी चांगली तापवून, पाणी काढून टाकून आणि मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी लावून तो जातो.

वीज, पाणी आणि ओलं अंग

२३० व्होल्टवर २ किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३ किलोवॉटचा तेरा. त्यामुळे १६ अँपिअरचा पॉइंट, त्याला स्वतंत्र एमसीबी (वीज जास्त वाहिली की आपोआप पडणारा स्विच) आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. अंतर लांब असेल तर जाड. एक्स्टेन्शन बोर्डवर गीझर कधीच नाही. प्लग काढून पाहा. पिना काळ्या पडल्या असतील किंवा प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर तिथे संपर्क सैल आहे आणि आग तिथूनच लागते.

एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित, हा समज मात्र खोटा आहे. एमसीबी वायर वाचवते. १६ अँपिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा दशांश अँपिअर दिसतही नाही, आणि हृदय थांबायला तेवढा पुरतो. माणसाला वाचवतात अर्थिंग आणि आरसीसीबी हे दोघे मिळून. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, हे आरसीसीबी सतत तोलत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या काही भागात वीज तोडतो. अर्थिंग नीट असेल, तर चिरलेल्या एलिमेंटमधून उतरलेला करंट तुमच्याऐवजी हिरव्या वायरमधून जमिनीत जातो आणि तुम्ही नळाला हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग तुटलेलं असेल, तर त्याला कळण्यासाठी करंट तुमच्यातून जावा लागतो. म्हणून दोन्ही हवेत. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडला नाही तर तो नुसता भिंतीवरचा डबा आहे.

नळाला किंवा शॉवरच्या पाइपला हात लावल्यावर मुंग्या येतात, ‘जरासा शॉक बसतो’ असं कुणी म्हणालं, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येऊन अर्थिंग मोजेपर्यंत गीझर चालू करू नका. इथे ‘जरासा’ असं काही नसतं. आज कोरड्या बोटाला लागला तो उद्या ओल्या अंगाला लागतो. असा आरसीसीबी सारखा पडतो म्हणून वैतागून त्याला बायपास करणारेही असतात. तो सारखा पडतोय, कारण घरात कुठेतरी करंट गळतोय.

अंघोळीच्या वेळी गीझर बंद करावा का? नियमाने बसवलेला गीझर चालू असताना वापरता यावा असाच बनवलेला असतो. तरी माझं मत विचाराल तर टाकीचा गीझर असेल तेव्हा बंद करा, कारण आपल्या घरातलं अर्थिंग शेवटचं कधी मोजलं हे फार थोड्यांना सांगता येईल. स्विच मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा, आणि तो ओल्या हाताच्या पलीकडे, स्नानघराच्या बाहेर.

गॅसचा गीझर, आणि बंद खिडकी

१८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉघन याने गॅसच्या ज्योतीवर क्षणात पाणी तापवणारं घरगुती यंत्र काढलं. त्यातला जळलेला वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती, तो सगळा स्नानघरात राहायचा. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आणि अजूनही लोक गॅसचा गीझर नेमका तसाच, बंद स्नानघरात, नळीशिवाय वापरतात.

धोक्याचं मोजमाप करता येतं. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. लहान स्नानघरात हवा असते सात-आठ घनमीटर. दहा मिनिटांच्या अंघोळीत त्यातल्या दोन घनमीटरमधला प्राणवायू संपतो. उरलेल्या हवेत जळका वायू मिसळत जातो, ज्योतीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. एलपीजीला वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, जळल्यावर तो उरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखंही वाटत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि कडी काढायला हात उचलायची ताकद राहत नाही.

म्हणून गॅसचा गीझर स्नानघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावायचा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणायचा. आत लावायचाच असेल, तर बाहेरची हवा घेणारा आणि जळका वायू थेट बाहेर सोडणारा बंद पेटीचा प्रकार घ्या. खिडकी उघडी ठेवणं चांगलं, पण थंडीत ती कुणीतरी लावून घेणारच. नळीवाल्या गीझरशेजारी एक्झॉस्ट फॅन लावला, तर तो नळीतला वायू उलटा आत ओढू शकतो, ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ज्योत निळी हवी. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत दिसली तर गीझर बंद. घरातल्या दोघातिघांचं डोकं एकाच वेळी दुखू लागलं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, बाहेर पडता पडता जमल्यास गॅस बंद करा, आणि मग डॉक्टर. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो लावा.

किती अंशांवर ठेवावा

इथे दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. मोठ्या माणसाची कातडी ६० अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत खोलवर भाजते. ५० अंशांना त्यासाठी साधारण पाच मिनिटं लागतात. माणसाच्या त्वचेवर कुठलं तापमान किती वेळात इजा करतं हे मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये तपासून मांडलं होतं. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ असते, त्यांना आणखी कमी वेळ पुरतो. एवढ्यावरून वाटेल की गीझर ४५ वर ठेवावा. पण कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात १९७६ मध्ये अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथे आलेल्या लोकांना विचित्र न्यूमोनिया झाला, त्यावरून या जिवाणूचा शोध लागला. तेव्हा संशय हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेवर होता, पण २० ते ४५ अंशांचं साठलेलं पाणी कुठलंही असो, त्याला चालतं. पाणी प्यायल्याने नाही, तर शॉवरचे बारीक तुषार श्वासातून फुप्फुसात गेल्याने तो त्रास देतो. ६० अंशांना तो मिनिटांत मरतो.

त्यामुळे टाकी ६० च्या आसपास तापवावी आणि अंगावर येणारं पाणी मिसळून सौम्य करावं. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर पाणी आपोआप मिसळून ठरलेल्या तापमानाला देणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर लावणं हाच खरा उपाय. नुसत्या हाताने फिरवायच्या नळात, कुणी दुसरीकडे थंड पाणी सोडलं की इथे एकदम चटका बसतो. बादली भरतानाही आधी थंड पाणी, मग गरम. रोज पूर्ण तापणाऱ्या आणि रोज रिकाम्या होणाऱ्या छोट्या गीझरला लिजिओनेलाची फारशी भीती नाही. मोठी टाकी, कोमट ठेवलेली, आणि महिनोन् महिने न उघडलेला पाहुण्यांच्या खोलीतला शॉवर, ही त्याची जागा.

गीझरमध्ये थर्मोस्टॅटशिवाय एक वेगळा कटआउट असतो. थर्मोस्टॅट बिघडून पाणी अति तापलं की तो वीज तोडतो आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय चालू होत नाही. तो एकदा पडला तर दाबून पाहायला हरकत नाही. दुसऱ्यांदा पडला तर दाबू नका, थर्मोस्टॅट गेलेला आहे.

नवा गीझर बसवल्यावर, किंवा टाकी रिकामी केल्यावर, आधी गरम पाण्याचा नळ उघडा आणि एकसंध धार येईपर्यंत थांबा. मगच स्विच. कोरड्या टाकीत एलिमेंट अर्ध्या मिनिटातही जळू शकतं. भिंत पोकळ विटांची असेल तर त्याप्रमाणे योग्य अँकर बोल्ट वापरायला सांगा, कारण २५ लिटरचा भरलेला गीझर ३५ किलोच्या पुढे जातो. आणि उभा बसवायचा गीझर आडवा लावू नका. आतल्या नळ्यांची रचना वेगळी असते आणि एलिमेंट उघडं पडू शकतं.

घर दोन-तीन आठवडे बंद असेल, तर ॲनोडच्या झिजण्यातून थोडा हायड्रोजन तयार होऊन टाकीच्या वरच्या भागात साठलेला असू शकतो. परत आल्यावर गीझर चालू करण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा. शेजारी काडी, सिगारेट, पेटती शेगडी काही नको. फुसफुस करत हवा निघेल. ती थांबून पाण्याची सरळ धार लागली, की दोन मिनिटं वाहू द्या आणि मग स्विच लावा.